ओदेतच्या पोटमाळ्यावरचा नारिंगी नळ

मी एक जुना नळ आहे, रंगाने नारिंगी आणि जातीने प्लास्टिकचा. मित्रांनो, नळ म्हटले की तुम्हाला तोटी आठवेल आणि तिच्याखाली भरत आलेली बादली. मला तोटी नाही. माझ्यातले पाणी रोज कुणी घेत नाही. ओदेत आणि नोर्बेर्तो आव्हिला या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराच्या पोटमाळ्यावर मी पोटात पाणी भरून आडवा पडलेला असतो. खाली आग लागलीच तर ते पाणी सोडायचे, एवढेच माझे काम. अकरा वर्षांत ते मला एकदाच करावे लागले.

माझा जन्म कारखान्यातला. गरम लगदा साच्यातून ओढून, थंड पाण्यातून काढून माझे लांब तुकडे केले. मग ट्रकने मला कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात आणले. इथे एका बाजूला गाईंचे गोठे आणि दुसऱ्या बाजूला संत्र्यांच्या बागा आहेत. दोन कामगारांनी माझे तुकडे सांध्याला सांधा चिकटवून घरभर फिरवले. प्रत्येक खोलीच्या छतातून माझे एक तोंड खाली डोकावते आणि प्रत्येक तोंडात काचेची एक चिमुकली कुपी असते, तांबड्या द्रवाने भरलेली. खोली फार तापली की ती कुपी फुटते आणि पाण्याचा फवारा सुटतो. ज्या खोलीत आग, तिथलीच कुपी फुटते.

सगळे जोडून झाल्यावर तपासनीस आले. त्यांनी दोन तास माझ्यात दाबून पाणी ठेवले, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "एक थेंब नाही." एवढ्या कौतुकावर मी पुढची कित्येक वर्षे काढली.

मग माझ्यावर काचेच्या धाग्यांची गुलाबी गादी पसरली. वर गादी, खाली उबदार घराचे छत. मी सुखात होतो. खालचे सगळे ऐकू येई. नोर्बेर्तोने चाळीस वर्षे गाई दोहल्या होत्या आणि ओदेत चीजच्या कारखान्यात होती. आता दोघे घरी असत आणि टीव्हीच्या आवाजावरून भांडत. माझी आठवण कुणाला नव्हती. एका नाताळात ओदेतने स्वयंपाकघरातल्या माझ्या तोंडाला कागदी चांदणी टांगली. तिची भाची सेलेस्त असे आगीचे नळ बसवण्याचेच काम करते. तिने ती चांदणी लगेच काढायला लावली.

चार वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात एसी दुरुस्त करणारा माणूस वर आला. पोटमाळा भट्टीसारखा तापला होता. तारेपर्यंत हात पोचावा म्हणून त्याने स्वयंपाकघरावरची माझी गादी बाजूला सारली, काम उरकले आणि घाम पुसत खाली उतरला. गादी तशीच राहिली. दोन हातभर मी उघडा पडलो. पण आमच्याकडचा हिवाळा म्हणजे दाट धुके, लोकरीची टोपी आणि सकाळी गवतावर जरासे पांढरे. चार हिवाळे गेले, मला काही झाले नाही. सगळे ठीक आहे असे मलाही वाटू लागले.

या जानेवारीत मात्र कडाक्याच्या थंडीची बातमी आली. नोर्बेर्तोचा धाकटा भाऊ गिल्बेर्तो सकाळीच दारात हजर झाला. त्याची संत्र्यांची बाग आहे, म्हणून थंडीतले आपल्यालाच जास्त कळते असे तो समजतो.

"वहिनी, तीन दिवस शून्याखाली सहा म्हणतायत. पाणी गोठलं की फुगतं. तुमच्या छतातल्या नळाचे तुकडे होतील. गॅरेजमधला व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ रिकामा करून टाका."

"आणि आग लागली तर, भावजी?"

"अकरा वर्षांत लागली नाही, ती याच तीन दिवसांत लागणारे का?"

"मला दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, बघितलंयस ना?" नोर्बेर्तो म्हणाला. त्याच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते आणि तो वॉकर धरून चाले.

"दादा, जेवायला तर बरोबर वेळेवर पोचतोस."

शेवटी ओदेतने व्हॉल्व्ह बंद केला. माझ्या पोटातले पाणी गुळगुळ करत गॅरेजच्या फरशीवर वाहून गेले. मी हलका झालो, आणि तो हलकेपणा मला मुळीच आवडला नाही. खाली तीन माणसे बोलत होती, चुलीवर पातेले होते, आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी एक थेंबही नव्हता.

दुपारी सेलेस्त आली. तिने गॅरेजची ओली फरशी पाहिली.

"मावशी, हा व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मीच. गार पडणारे ना. भावजी म्हणाले..."

"काकांना धड चालता येत नाही आणि तुम्ही आगीचं पाणीच काढून टाकलंत?"

"मग फुटू द्यायचा नळ?" गिल्बेर्तो म्हणाला. "छत पुसायला तू येशील?"

"आधी वर जाऊन बघू तरी. दुखतंय कुठे ते न बघता औषध कसलं देताय, गिल्बेर्तोकाका?"

ती टॉर्च घेऊन वर चढली. सरपटत माझ्यापाशी आली आणि उघड्या अंगावर तिने हात ठेवला. चार वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. "हा बघा, उघडाच पडलाय बिचारा," ती म्हणाली आणि बाजूला सारलेली गादी ओढून माझ्यावर तंबूसारखी पसरू लागली.

ओदेत शिडीवरून डोके आत घालून पाहत होती. "थोडी खालून पण घालू का गं?"

"नको मावशी. खालून घातलीत तर घराची ऊब याच्यापर्यंत यायची नाही. पांघरूण आपण अंगावर घेतो, अंगाखाली नाही. आणि गार हवा असेपर्यंत घरातला हीटर बंद करायचा नाही, बाहेर गेलात तरी."

"वरही एक हीटर ठेवून दे की," खालून गिल्बेर्तोचा आवाज आला.

"म्हणजे आग आपणच लावायची, असं ना?"

गादी नीट बसवून ती खाली उतरली. सेलेस्तने व्हॉल्व्ह उघडला, हवा काढली आणि मी पुन्हा भरलो.

ते तीन दिवस खरेच वाईट होते. छपराचे खिळे पांढरे झाले. पण खालून ओदेतच्या सूपची ऊब येत राहिली आणि गादीने ती धरून ठेवली. मी गार पडलो, गोठलो नाही. बागेच्या धावपळीत गिल्बेर्तो मात्र स्वतःच्या अंगणातला फवाऱ्यांचा नळ झाकायला विसरला. तो फुटला आणि हिरवळीवर बर्फाचा थर साचला.

"गावाला शहाणपण वाटत हिंडलास," नोर्बेर्तो फोनवर म्हणाला, "स्वतःपुरतं ठेवलं नाहीस वाटतं." त्या दिवशी तो बराच वेळ हसत होता.

पुढे फेब्रुवारीत कार्निव्हलचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांपूर्वी गोडधोड खाण्याचा, रविवार आला. ओदेतने फुगलेल्या पिठाचे गोळे तळले. नोर्बेर्तो टेबलाशी बसून एकेकाला साखर लावत होता. वॉकर पलीकडे भिंतीशी होता. तळण संपल्यावर ओदेतने तेलाची कढई लांब ओट्यावर नेऊन ठेवली आणि बशी घेऊन ती शेजारी गेली. शेगडी बंद करायची राहिली. पिठावर झाकलेले फडके शेगडीशेजारीच पडले होते, त्याचे टोक जाळावर आले. फडक्यावरून आग पडद्याला लागली आणि पडद्यावरून लाकडी कपाटाला.

"ओदेत," नोर्बेर्तोने हाक मारली. मग खोकत आणखी एकदा मारली. तो टेबलाला धरून उठू पाहत होता आणि त्याचा पाय उचलत नव्हता. मला सगळे ऐकू येत होते. मी स्वतःहून काही करू शकत नाही, मित्रांनो. मला कुपीची वाट पाहावी लागते. मी वाट पाहिली.

कुपी फुटली. त्यानंतरचे एवढेच सांगतो की माझ्यात जितके होते तितके मी सोडले.

बंब येईपर्यंत आग विझली होती. कपाट काळे झाले होते आणि फरशीवर घोटाभर पाणी होते. नोर्बेर्तो केसापासून चपलेपर्यंत भिजून खुर्चीत बसला होता.

"अहो, लागलं का कुठे?" ओदेत रिकामी बशी हातात घेऊन पाण्यातून त्याच्याकडे आली.

"मला काही नाही. साखर गेली सगळी."

ती त्याच्याशेजारी ओल्या खुर्चीत बसली आणि रडू लागली. नोर्बेर्तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. धावत आलेला गिल्बेर्तो पाण्यात बूट घालून उभा होता. त्याने मान वर करून छताकडे पाहिले. मग फोन मिळताच आलेल्या सेलेस्तकडे वळून हळूच म्हणाला, "माझ्या मुलीच्या घरीही असे नळ आहेत. तुला वेळ कधी आहे?"

मित्रांनो, तुमच्याही घरात अशा काही वस्तू असतील, दिसत नाहीत म्हणून आठवत नाहीत अशा. त्यांना कौतुक नको असते. थंडीआधी एकदा वर चढून पाहा, पांघरूण सरकले असेल तर नीट करा, आणि भीतीपोटी त्यांचे काम बंद करू नका. एवढे पुरते.

स्वयंपाकघर नवे झाल्यावर सेलेस्तने माझ्या तोंडात नवी कुपी बसवली आणि गॅरेजमध्ये जाऊन व्हॉल्व्ह उघडला. नोर्बेर्तो वॉकर धरून माझ्या बरोबर खाली उभा होता. छतातून सरसर आवाज गेला.

"आला," तो म्हणाला.

"कोण आलं?" ओदेतने विचारले.

"वरचा आपला माणूस," तो म्हणाला आणि जेवायला बसला.