निरोप पोचेपर्यंत

माझी नणंद कल्पिता बंगळूरला नोकरी करते. दूरच्या ग्रहांकडे गेलेल्या यानांशी बोलायचं कसं, हे तिचं काम. तिकडे संपर्क सारखा तुटतो, म्हणून वाटेतलं यंत्र निरोप जपून ठेवतं आणि पुढच्या यंत्राची गाठ पडली की त्याच्या हवाली करतं. हीच युक्ती तिने आमच्या डहाणूच्या बोटींवर आणली. मोबाइलची रेंज संपली की एका बोटीवर बसवलेला यंत्राचा डबा जवळून जाणाऱ्या बोटीच्या डब्याला निरोप देणार. निरोप कुलूपबंद; ज्याचा त्यालाच उघडणार.

"एकीचा निरोप दुसरीकडे पोचवायचं काम आम्ही मासळीबाजारात फुकट करतो, ते तू शिकून केलंस!" मी तिला चिडवलं.

दिवाळीनंतर सासरे अंथरुणाला खिळले. आयुष्यभर तांडेल म्हणून बोट चालवलेला माणूस, पण कूस बदलता येईना. माझा नवरा हितेश खोल दर्यात होता. कल्पिता धावत आली. तिने "दादा, लगेच परत ये" असा निरोप धाडला आणि पाठोपाठ बाबांचा आवाजही.

"पोचला का गं?" बाबा सारखे विचारायचे.

"वाटेत आहे, बाबा."

निरोप नेणारी बोट परत आली. हितेशची बोट दिसली होती, पण तिचा डबा बोललाच नाही. उलट बोट तोंड फिरवून लांब गेली. मी काय ते समजले. जाळ्यात भरपूर मावरं लागलं की आमची माणसं वायरलेस, डबा सगळं बंद करतात, दिवे मालवतात. जागा दुसऱ्याला कळता कामा नये. हितेशला हे बाबांनीच शिकवलेलं. कल्पिताने यानाच्या निरोपाआड येणाऱ्या सूर्याचाही हिशेब केला होता, पण मासे लपवणाऱ्या सख्ख्या भावाचा केला नव्हता. ती ओट्यावर बसून ढसाढसा रडली. मला दोघांचाही राग आला, आणि कीवही.

बाबा गेले. मरणाची बातमी मात्र तिने डब्यातून धाडली नाही.

हितेश आला तो पापलेटांनी बोट भरून. बहीण ओरडेल म्हणून किनारा दिसताच त्याने डबा चालू केला असावा. आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या होतो. काठावरच्या बोटीने जपलेले निरोप त्याच्या डब्याला दिले; इंजिन थांबलं आणि बोटीवरून बाबांचा आवाज आला.

"हितेश, पोरा, जाळं ओढून घे, मगच ये. घाई नको. मी थांबतो."

हितेशने कठड्यावरून वाकून आम्हाला विचारलं, "थांबलेत ना?"

कल्पिताने माझा हात घट्ट धरला. मीच मान हलवली, नाही म्हणून.