आरशातला हात

बाबांच्या त्या कात्रीतून थोरल्याला काय मिळणार होतं? ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आई, धाकटा भाऊ, बहीण आणि खुद्द बायको, अशी चौघं एकेक करून त्याच्यापुढे मान खाली घालून, तोंड मिटून बसणार होती. विमा कचेरीत अठरा वर्षं घासली, तरी शिपायानेसुद्धा त्याला एवढा मान दिला नव्हता. सौदा वाईट नव्हता.

बाबा न्हावी होते. वर्षभर दुकान लोकांचं, पण त्या एका दुपारी आतून कडी घालून फक्त घरच्यांचं. सगळ्यांचे केस बाबाच कापायचे: धाकट्यापासून सुरुवात, आई शेवटी. बाबांना जाऊन आता आठ महिने झाले होते. आईने सकाळीच सांगून टाकलं, "यंदा जमलं तर चालू ठेवू. नाही जमलं तर खुर्ची विकते. पुढच्या वर्षी ज्याने त्याने बाहेर जाऊन डोकं भादरून घ्यावं."

खुर्ची जाणार म्हटल्यावर बहिणीने दुपारी दुकानात शिरताच थोरल्याला गाठलं. ती बेकरीत केकवर नक्षी काढायची.

"दादा, मी कापू का?"

"तू? डावरे, कान कापशील कुणाचा तरी! तू आपली नेहमीसारखी मागे उभी राहा आणि केस झाड."

धाकटा बसला. थोरल्याने ऐटीत कात्री चालवली. केस कापले जाईनात. पात्यांत दुमडून ओढले जाऊ लागले.

"आई गं! अरे, कापतोयस की उपटतोयस?"

"हलू नकोस. धार गेलीय."

"धार मी कालच लावून आणलीय," आई म्हणाली.

थोरल्याने आणखी जोर लावला. कानामागे चांगला रुपयाएवढा खड्डा पडला.

"उद्या चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभं राहून गायचंय मला!" धाकटा ओरडला.

"माझे केस आहेत तेच बरे आहेत," वहिनी भिंतीला टेकत म्हणाली.

आईने धाकट्याच्या गळ्याची चादर सोडायला घेतली.

"थांब आई," बहीण पुढे झाली. "दादा, इकडे दे. ती डाव्या हाताची कात्री आहे."

"काहीतरीच! बाबा उजव्या हाताने कापायचे. जन्मभर बघत आलोय मी."

"आरशात बघत आलायस."

सगळ्यांचे डोळे आरशाकडे गेले. खरंच की! बाबा जेवायचे, लिहायचे उजव्या हाताने. डावा होता तो फक्त कात्रीला. आणि कात्री धरलेले बाबा खुर्चीतल्या प्रत्येकाने आरशात उलटेच पाहिलेले. खरा हात दिसला होता तो मागे उभं राहून केस झाडणाऱ्या पोरीलाच.

कात्री तिच्या डाव्या हातात गेली आणि कचकच आवाज करत सरळ चालू लागली. वीस वर्षं बघून बघून तिला क्रम पाठ होता: आधी मान, मग कानाच्या कडा, मग माथा. खड्डा बुजेना, तेव्हा तिने सगळं डोकंच त्याच्या मापाला आणलं. मग वहिनी बसली, मग मुकाट्याने थोरला. शेवटी आई. ती डोळे मिटून आवाज ऐकत राहिली आणि उठताना म्हणाली, "खुर्ची कुठे जात नाही."

"आता तू बस, मी कापतो," थोरला बहिणीला म्हणाला.

"बाबांच्या कात्रीने? नको रे बाबा!"

एकूण किंमत अशी पडली: धाकट्याचे निम्मे केस, थोरल्याचा अख्खा तोरा. बहिणीने सर्वांत जास्त मोजलं. ख्रिसमसच्या सकाळी घरात केस न कापलेलं डोकं एकच होतं, तिचं. आणि ते दरवर्षी तसंच राहणार होतं.