गोधडीखालचा प्रोसेसर

मी चार कोरचा, म्हणजे चार हातांचा, प्रोसेसर बोलतोय. अख्ख्या मुकुंदवाडीत माझ्याइतका वेगवान कुणी नव्हता! बरं, खरं सांगतो: आलो त्या दिवशी दुपारपर्यंतच. दुपारी शेजारच्या दीपमालाकडं सहा कोरचा आला.

दिसायला मी बिस्किटाएवढा. जन्म परदेशातल्या कारखान्यातला. शिक्षण बेतासबात; बेरीज-वजाबाकीपुढं फारसं काही येत नाय, पण तेवढं झपाट्यानं करतो म्हणून लोक हुशार समजतात.

मी ज्यांच्याकडं आलो त्या लीलाबाई घरी शिवणकाम करतात. लेक करुणा कारखान्यांचे साचे काँप्युटरवर आखते, आणि धाकटा सम्यक गेम खेळतो. सम्यकची मी लई खोडी काढायचो. शेवटचा शत्रू समोर आला की क्षणभर गोठून बसायचो. ‘मेलो ना राव!’ म्हणून तो टेबलावर थाप मारायचा. मी गालात हसायचो. मला गाल नाहीत, ही गोष्ट वेगळी.

करुणाला मात्र मी कधी छळलं नाय.

मागच्या हिवाळ्यात चितेगावच्या एका कारखान्यानं तिला सांगितलं, ‘साचा उघडतो-मिटतो कसा, त्याची काँप्युटरवर बनवलेली फिल्म सोमवारी सकाळी दाखवा. जमली तर नोकरी पक्की.’ मी कामाला लागलो, पण निम्म्यावरच अंग तापलं, धाप लागली, काँप्युटर बंद. तीनदा तसंच झालं.

“म्हातारा झालाय हा,” करुणा डोळे पुसत म्हणाली. जिवाला लागलं माझ्या.

रविवारी सकाळी माझा डबा उचलून सगळे काँप्युटरवाल्या गयासभाईंच्या दुकानात आले. भाईंनी दोन नवे प्रोसेसर काउंटरवर मांडले.

“हा आठ कोरचा, गेमसाठी एक नंबर. हात कमी, पण चपळ. लागणारं सामान याच्या खिशातच असतं, शोधत फिरत नाय. आणि हा सोळा कोरचा. दावतीचा नानखलिया एकट्या चपळ आचाऱ्याच्यानं व्हतो का? सोळा हात लागतात. फिल्म बनवायची तर हाच.”

सम्यक आठवाल्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “भाई, ताईचा काढा.”

त्या दिवसापासून मी त्याची खोडी काढणं सोडलं. जवळजवळ.

मला काढायला भाईंनी डबा उघडला आणि ओरडले, “अगे मां! ये क्या?”

पंख्यात कापसाचे पुंजके, रंगीत दोरे. पातं हलायला जागा नव्हती. लीलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “सारखं घुरघुरायचं. म्हटलं थंडी भरली असंल, म्हणून गोधडी टाकली.”

“ताई, इसकू थंडी नहीं लगती! हवा लागते, हवा!”

सगळे हसले. करुणासुद्धा, ओल्या डोळ्यांनी. भाईंनी पंखा साफ केला, माझ्या टाळूला गार लेप लावला, आणि मी तिथंच काउंटरवर पळत सुटलो. सोळा हातांचं काम चार हातांनी केलं. संध्याकाळी फिल्म तयार झाली, आणि सोमवारी करुणाला नोकरी लागली.

आता तिच्या टेबलावर पगारातून घेतलेला नवा डबा आहे, सोळा कोरचा. मी कोपऱ्यात. माझ्यावर लीलाबाई ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघतात. माणसांनो, एवढंच मागतो: कुणाला म्हातारा ठरवण्याआधी, त्याचा श्वास कशानं कोंडलाय ते जरा बघत जा.

परवा गयासभाई घरी आले होते. मला बघून म्हणाले, “ताई, याला अजून सांभाळता? देऊन टाका भंगारात.”

लीलाबाईंनी माझ्या डब्यावर हात ठेवला. “तुम्हीबी पिकलात की भाई. सगीराभाभींनी दिलं का तुम्हाला भंगारात?”