जळतंय म्हंजे लागू पडतंय

रंगूआत्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर कडेगावला आमच्या घरी आली आणि आल्या दिवसापासून घर तिचंच झालं. शेतात काय लावायचं ते वडील ठरवायचे, बाकी सगळं आत्या. आई तिच्यापुढे तोंड उघडायची ती फक्त जेवायला.

माझ्या गालांवर आणि कपाळावर पुटकुळ्यांचा नुसता बाजार भरला होता. आत्याचे सगळे उपाय करून झाले. मसूरडाळ झाली, जायफळ झालं, आणि एक तर सांगण्यासारखाही नाही. शेवटी मीच हट्ट धरला, तेव्हा वडील मला एसटीनं सांगलीला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक बारकी ट्यूब लिहून दिली आणि ती कशी वापरायची ते नीट समजावलं. रात्री तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, मग वाटाण्याएवढं मलम सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचं. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडायच्या. वर दुसरं काही चोपडायचं नाही. उन्हात जायचं तर पदर पुढे ओढायचा. सुरुवातीला साल निघेल, पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतील, म्हणून घाबरून जास्त लावायचं नाही, कारण जास्त लावल्यानं लवकर बरं होत नाही, नुसतं भाजतं. तीन महिने धीर धर, असं ते म्हणाले.

मी धरलाही असता. पण माझं लग्न शिराळ्याच्या हंबीररावांशी ठरलं होतं आणि ते होते फौजेत. लग्न दिवाळीनंतर करायचं असं बोलणं झालं होतं. रजा मात्र मंजूर झाली ती मे महिन्याची, आणि मुहूर्त रजेच्या मागे धावत आला. आमच्याकडे फौजीचं लग्न असंच ठरतं. पंचांगापेक्षा साहेबाची सही मोठी.

तोवर माझ्या चेहऱ्याची साल निघायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं, पण आत्याला ते पटेना. इवलंसं लावून कधी गुण यायचा, असं ती येताजाता म्हणायची. मी तिला डॉक्टरांचं बोलणं शब्दाशब्दानं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, तुझ्या डागदरला काय ठावं लगीन कवा हाय ते.

एका दुपारी मी भांडी घासून उठत होते. आत्यानं माझा दंड धरला, आईला दुसरा धरायला लावला आणि मला अंगणात भर उन्हात बसवलं. निम्मी ट्यूब तळहातावर पिळली, त्यात लिंबू पिळलं, हळद कालवली आणि भिंत सारवावी तसं माझं तोंड सारवलं. डोळ्यांखाली, ओठांवर, सगळीकडे. ऊन लागलं की औषध भिनतं, हे तिचं शास्त्र. बाळंतिणीला तेल लावून उन्हात बसवतात ना, तसं. मी ओरडले, हातपाय झाडले. वडील सोप्यात पान खात बसले होते. तिथूनच ते म्हणाले की करू दे की तिला, तुझ्या भल्याचंच करती.

"आत्या, जळतंय गं," मी रडत म्हणाले.

"जळतंय म्हंजे लागू पडतंय," आत्या म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर हात दाबून तिनं मला तशीच बसवून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत डोळे सुजून बारीक झाले. दुसऱ्या दिवशी भाजलेल्या वांग्यासारखी कातडी सुटायला लागली. वडील घाबरून मला पुन्हा सांगलीला घेऊन गेले. डॉक्टर माझ्यावरच चिडले, आणि वडील शेजारी खाली मान घालून बसले. हे पोरीनं केलेलं नाही, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. मलम पूर्ण बंद, गार पाणी आणि साधं व्हॅसलिन, कातडी भरून आल्यावर परत दाखवायला या, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी लावून दिलं.

आणि त्याच आठवड्यात बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, हंबीररावांची आई बनाबाई आमच्याकडे आल्या. पोरगी मामाकडे गेली असं सांगायचं घरात ठरलं होतं. मी मुद्दाम चहा घेऊन बाहेर गेले. मोडलं लग्न तर मोडू दे, पण मी चोरासारखी कोठीत बसणार नव्हते.

बनाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आत्या लगबगीनं म्हणाली की पोरीनंच हौसेनं औषध जास्त लावलं, लय आगाऊ हाय.

"मी न्हाई लावलं, मामी," मी म्हणाले. "ह्यांनी मला धरून लावलं."

वडिलांची मान आणखी खाली गेली.  बनाबाईंनी वाकून माझा चेहरा न्याहाळला. साल निघालेल्या जागी नवी गुलाबी, बिनडागी कातडी दिसत होती. मग त्यांनी विचारलं की त्यातलं थोडं औषध उरलंय का. त्यांची लेक चंदा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या गालांवर वांगाचे काळे डाग उठले होते. त्यांचं बोलणं संपायच्या आत आत्यानं कोनाड्यातली ट्यूब आणून त्यांच्या हातावर ठेवली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे होऊन त्यांच्या हातातून ट्यूब काढून घेतली.

"हे माझ्या नावानं लिहून दिल्यालं औषध हाय. चंदाताईला द्यायचं न्हाई. दिवस गेलेत का, हे डॉक्टरांनी मला आधी इचारलं आन् मगच लिहून दिलं. पोटुशी बाईला हे चालत न्हाई. तिला डॉक्टरांकडं न्या."

"अजून आमच्या उंबऱ्यात पाऊल न्हाई तुझं," बनाबाई सावकाश म्हणाल्या, "आन् माझ्या हातातलं हिसकावतीस?"

"व्हय. पाऊल टाकू द्या न्हाईतर नको. पोरगी तुमची हाय, पोट तिचं हाय."

आईनं पदर तोंडाला लावला. लग्न मोडलंस म्हणत आत्या मला शिव्या द्यायला लागली. बनाबाईंनी तिला हातानंच गप्प केलं. चहाची कपबशी खाली ठेवून त्या उठल्या, माझ्यापुढे आल्या आणि माझ्या गालाकडे हात नेला. तो वाटेतच थांबला.

"हात लावू का गं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडाला हात लावायच्या आधी मला विचारणारी ती पहिली बाई.

"नको," मी म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला.