तेजोजल आणि त्या चमकणाऱ्या मुली

परदेशात, पुंगोलमधल्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये रविवारी दुपारी पडदे ओढले गेले आणि खचाखच भरलेली खोली एकदम गप्प झाली. मंत्राने आजार बरे करतो म्हणणाऱ्या प्रबोधजींनी दिवे घालवले, काचेच्या भांड्यावर हात धरला, आणि भांड्यातलं पाणी निळंशार उजळलं. एकाने हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. ही पुण्या-मुंबईची आयटीतली माणसं. ऑफिसात एक ओळ कोड तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत.

"शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लोक हेच तेज बाटलीतून प्यायचे," प्रबोधजी म्हणाले. "रेडियमचं पाणी. डॉक्टर स्वतः द्यायचे. पुढे औषधवाल्यांनी ते दाबून टाकलं. मी मंत्राने परत जागं केलंय, एवढंच."

माझ्या शेजारी नीता बसली होती. तिच्या नऊ वर्षांच्या अवनीला लहानपणापासून मधुमेह आहे, इन्शुलिनवाचून भागत नाही. त्या सकाळी नीताने ते दिलंच नव्हतं.

"तेज सुरू केलं की सुया बंद करा म्हणालेत," ती कुजबुजली. "पोटच्या पोरीला रोज टोचताना काय होतं, ते तुला नाही कळायचं, भावना."

माझं डोकं फिरलं होतं, पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती. मी प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थांवर काम करते. अमेरिकेतल्या त्या मुलींची गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली आणि ती मानगुटीवर बसली ती बसलीच. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावायचं त्यांचं काम. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. हे बाधणार नाही ना, असं त्यांनी विचारलंही होतं. काही होत नाही, असं उत्तर मिळालं. घरी जाताना त्यांचे केस अंधारात चमकायचे. नाचायला जायचं असलं की हौसेने दातांनाही रंग लावायच्या. पुढे तेच दात पडले, जबडे झिजले, कितीतरी जणी ऐन तारुण्यात गेल्या. ते रेडियम अजून त्यांच्या हाडांत आहे, जमिनीखाली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या निळ्या उजेडात मला समोर बसलेल्या अवनीच्या मागे त्या मुली उभ्या दिसत होत्या.

मी काही म्हणायच्या आत अवनीने प्रबोधजींनी भरून दिलेला पेला संपवला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे. पप्पांच्या पार्टी ड्रिंकसारखं, सेम ला," ती इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली.

लोक हसले. माझं लक्ष मात्र माझ्या पांढऱ्या कुडत्याकडे गेलं. तोही निळा चमकत होता.

"ताईंचं पुण्य," प्रबोधजी लगेच म्हणाले.

पण नीताच्या नवऱ्याची, शैलेंद्रची, कॉलरही चमकत होती आणि खुर्चीखाली पडलेला टिश्यू पेपरसुद्धा. टिश्यू पेपरने कुठलं पुण्य केलं होतं? मी उठले, टेबलाखालून गेलेली वायर चाचपली आणि प्लग काढला. पाणी विझलं. माझं पुण्यही विझलं.

"रेडियम प्लग काढून विझत नाही," मी म्हणाले आणि पडदे बाजूला सारले. टेबलाच्या कडेमागे एक काळसर नळी होती, नोटा तपासायला वापरतात तसल्या दिव्याची.

तेवढ्यात नीताचा फोन वाजायला लागला. अवनीच्या दंडावरच्या सेन्सरचा गजर होता, साखर भराभर चढत होती.

"तेज अंगात भिनतंय," प्रबोधजी म्हणाले.

"साखर भिनतेय," मी म्हणाले. "हे टॉनिक वॉटर आहे, दारूत मिसळतात ते साखर घातलेलं पाणी. त्यातल्या क्विनीनमुळे ते कडू लागतं आणि या दिव्याखाली निळं चमकतं. कपडे चमकतात ते साबणाच्या पावडरीतल्या रसायनामुळे, कागदातही तसलंच असतं."

शैलेंद्रने भांड्यात बोट बुडवून चाखलं. त्याला दुसऱ्यांदा चाखावं लागलं नाही, चव ओळखीची होती.

नीताने पर्स उघडली. सुया बंद केल्या होत्या, तरी इन्शुलिनचं पेन तिने बरोबर आणलं होतं. ती टोपण काढत होती, तेवढ्यात अवनीनेच ते तिच्याकडून घेतलं आणि स्वतः टोचून घेतलं.

"मम्मा, मला एवढं दुखत नाही," ती म्हणाली. "तुलाच दुखतं."

नीता तिथेच रडली. प्रबोधजी दाराकडे सरकले, तेव्हा शैलेंद्र दारात उभा होता आणि पोलिसांशी फोनवर बोलत होता.

अमेरिकेतलं तेज खरं होतं, त्याने जीव घेतले. इथलं खोटं होतं, तरी एक जीव घेणारच होतं. तेव्हा चमत्कार पाहून हात जोडण्याआधी विचारा, हे कशाने होतं, आत काय आहे, फायदा कुणाचा आहे. आणि कुणी काहीही सांगितलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराचं औषध बंद करू नका.