कडेपर्यंत

तनुजानं बशीच्या डाव्या कडेवरून सुईच्या टोकाएवढी बुरशी उचलली, काचपट्टीवरच्या निळ्या थेंबात पसरली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. धाग्यातल्या प्रत्येक पडद्यापाशी बारीक गाठ होती.

"धायरीच्या बाजूला गाठी आहेत," ती म्हणाली. "कोथरूडची केंद्रकं आत आली."

धिंगरी अळिंबीचे हे दोन वाण. एक तनुजाच्या धायरीतल्या घरामागच्या ओंडक्यावरचा, दुसरा सौरभच्या कोथरूडच्या गल्लीतल्या वठलेल्या गुलमोहरावरचा. एकेका बीजाणूपासून वाढवून बशीत समोरासमोर लावलेले धागे मध्यावर भेटले की तिथंच थांबतात. केंद्रकं मात्र एकमेकांच्या धाग्यांत शिरून पार पलीकडच्या कडेपर्यंत जातात. तिथं ती एकरूप होत नाहीत, शेजारी शेजारी राहतात. ती पोचल्याची खूण म्हणजे ही गाठ. कधी कधी एकच बाजू दुसरीला आत घेते. म्हणून दोन्ही कडा तपासायच्या.

सौरभनं टेबलावर खोका ठेवला.

"वास्तुशांतीचे लाडू. खास तुझ्यासाठी."

तीन वर्षं दर रविवारी तो धायरीत, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून जेवला होता. तनुजाची आई त्याच्यासाठी भाकरी तव्यावरच ठेवायची. हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होण्याआधी, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तो तनुजाला घरी नेणार होता, दोघांबद्दल सगळं सांगणार होता. शुक्रवारी म्हणाला, अगदी घरच्यांपुरतंच करतोय.

"बोललास?"

"भटजींचं लांबलं गं. दिवाळीनंतर बघू. फोनवर तू आडनाव ओव्हाळ म्हणालीस ना, तेव्हापासून आई जरा... तिला टाइम दे."

प्रयोगशाळेतले बाबुराव वापरलेल्या बशा न्यायला आले.

"सौरभसर, कालची पंगत झकास! सगळी लॅब हजर. डायरेक्टरसाहेबांनी श्रीखंड तीनदा घेतलं." मग तनुजाकडे वळून, "मॅडम, तुम्ही दिसला नाहीत? बरं नव्हतं का?"

सौरभ खोक्याची दोरी सरळ करत होता.

"हो," तनुजा म्हणाली. "बरं नव्हतं."

बाबुराव गेले. तिनं सुई ज्योतीत लाल होईपर्यंत धरली, निवू दिली आणि उजव्या कडेवरून बुरशी उचलली. काचपट्टी सरकवत ती बराच वेळ बघत राहिली. मग वहीत तारीख घातली.

"काय आलं?"

"धायरी पोचली."

"कुठवर?"

"कोथरूडच्या पार कडेपर्यंत. सगळीकडे गाठी आहेत."

"ग्रेट! बघू?" तो तिच्या जागी बसला, डोळा लावला. "अगं, क्लिअर आहे एकदम. मी जायच्या आत पेपर लिहून टाकू. दोघांची नावं, शेजारी शेजारी."

तनुजानं वहीला टोपण लावलेलं पेन अडकवलं. लाडवांचा खोका उचलून त्याच्या पिशवीत ठेवला.

"शेजारी शेजारी?" ती म्हणाली. "घरी चालेल?"

तिनं हात लांबवून सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, ॲप्रन खुंटीला लावला आणि दारापर्यंत जाऊन मागं वळून पाहिलं.

सौरभ अजून भिंगाला डोळा लावून बसला होता.