हात बरा होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. आज मला पाहून कोणीही पाट समजेल, पण एके काळी मी चांगलं गुडघ्याएवढं उंच होतं. इस्त्रीचं दुकान टाकलं तेव्हा मालकांनी, म्हणजे दोन मुलींच्या बाबांनी, मला हौसेनं सुताराकडून करून घेतलं, गिऱ्हाइकांना टेकायला. चांगली वजनदार माणसं माझ्यावर बसून गेली. मला थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मग फळी ठोकताना बाबा शिडीवरून पडले. दवाखान्याचा खर्च झेपेना, म्हणून हात घरीच बांधला आणि उजव्या कोपराचं हाड वाकडं बसलं. आईच्या धुण्याभांड्यांत चौघांचं भागेना. तेव्हा दुसरीतली थोरली इस्त्रीच्या टेबलापाशी आली. जमिनीवरून तिचा हात पोचेना आणि माझ्यावर चढली की टेबल फार खाली जाई. बाबांनी डाव्या हातात करवत धरली आणि माझे पाय कापले.

"हात बरा होईपर्यंतच हं, बाळा," ते म्हणाले.

थोरली शाळेत का येत नाही, हे विचारायला शाळेतल्या बाई एकदा आल्या. त्यांना बसायला मलाच पुढं केलं, म्हणून थोरलीला खाली उतरावं लागलं. तेवढा वेळ तिची इस्त्री थांबली. बाईंनी बसूनच राहावं, असं मला फार वाटत होतं. बाबांनी त्यांनाही हाताचंच सांगितलं. बाई उठल्या.

बाबा वाईट नाहीत. तिला चटका बसला की तेच फुंकर घालत. पण दर वर्षी थोरली वाढे आणि माझे पाय दोन बोटं कमी होत. इतर घरांत मुलांची उंची भिंतीवर रेघ मारून मोजतात. इथे माझा भुसा पडायचा.

शेवटी तिला माझी गरज उरली नाही. वाटलं, सुटलो एकदाचे. पण भाडं वाढलं आणि थोरली वय वाढवून सांगून कपड्यांच्या कारखान्यात लागली. परवा सात वर्षांची धाकटी माझ्यावर चढली. तरी टेबल तिच्या छातीला लागत होतं.

"हात बरा होईपर्यंतच ना, बाबा?" तिनं विचारलं.

बाहेरून चार विटा आणून बाबांनी माझ्याखाली ठेवल्या.

मित्रांनो, मला रंग नको, नवे पायही नकोत. कडक घडीचा कपडा अंगात घालाल तेव्हा एवढंच विचारा, की इस्त्री करणारं कशावर उभं होतं. दोन्ही मुलींचं वजन मला ठाऊक आहे. पण मला कोणाला खाली उतरवता येत नाही.